खडक मे महिन्यात शोधायचा

वडगाव धरणाच्या पाण्याखाली एक काळा खडक आहे. दोन बैलगाड्या मागेपुढे उभ्या केल्या तर होईल एवढी लांबी, उंची अडीच मीटर, एका बाजूला सरळ कडा आणि दुसऱ्या बाजूला उतार. नोव्हेंबरात त्याच्या माथ्यावर साडेतीन मीटर पाणी असतं आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. हा खडक आम्हाला सापडला तो मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, कोरड्या पडलेल्या बुडीत शेतांतून पायी फिरताना. गळाच्या मासेमारीतलं अर्धं काम हेच, आणि ते करायला कोणी तयार नसतं.

कोकणात तांबोशी आणि गोबरा ज्या कारणासाठी खडप धरून राहतात, त्याच कारणासाठी आपल्याकडे धरणातला शिंगाळा आणि वाम दगड धरून राहतात. तळाचा बाकी भाग सपाट काळ्या मातीचा. तिथं ना आडोसा, ना खायला काही. दगडावर शेवाळ धरतं, शेवाळावर किडे आणि झिंगे येतात, झिंग्यांवर बारकी मासोळी येते आणि तिच्यामागे मोठा मासा. शेकडो एकरांच्या पाण्यात खोलीभर जागेत ही सगळी पंगत बसलेली असते. ती जागा चार मीटर चुकली तर दिवसभर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, नुसता धुवायचं काम.

म्हणून मे महिन्यात तीन गोष्टी करायच्या. खडकाचे चारही बाजूंनी फोटो काढायचे. फोनमध्ये ठिकाणाची खूण करायची, पण तिच्यात चार-पाच मीटरची चूक असते हे धरून चालायचं. आणि खडकावर उभं राहून दोन रेषा जुळवायच्या: एका दिशेला काठाजवळचं काही आणि त्याच्या बरोबर मागे दूरचं काही, तसंच साधारण काटकोनात दुसऱ्या दिशेला. आमच्या वहीत लिहिलंय: ‘काठावरचा वाकडा पळस + मागच्या टेकडीची खाच, धरणाच्या भिंतीवरचा तिसरा खांब + टॉवर.’ पाणी भरल्यावर डोंग्यात बसून दोन्ही जोड्या एका वेळी एका रेषेत आल्या की तुम्ही खडकावर आहात. जवळची खूण पाण्याखाली जाणारी नको. पहिल्या वर्षी आम्ही जवळची खूण म्हणून एक ढेकळाचा बांध धरला होता. ऑगस्टमध्ये तो पाण्याखाली गेला आणि खडकही हरवला.

जागेबद्दल आधी थोडं. वडगाव हे उमरेड तालुक्यात, निम्न वेणा प्रकल्पाच्या दोन धरणांपैकी एक, दुसरं नांद. धरणातल्या मासेमारीचा ठेका साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे आधी संस्थेच्या माणसांना भेटायचं, गळ टाकायची परवानगी घ्यायची, पैसे द्यायचे आणि पावती खिशात ठेवायची. डोंगा आणि डोंगेवाले काकाही तिथूनच मिळतात. तोतलाडोहचं नाव काढणारे मित्र प्रत्येक टोळीत एकदोन असतात. ते पाणी पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथं मासेमारी बंद आहे, विषय संपला. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने आम्ही कुठेच जात नाही. मासा अंड्यावर असतो, आणि मरळीची लालसर पिल्लं झुंडीनं वर येतात तेव्हा आई-बाप खालीच राखण करत असतात. त्यांना गळाला लावणं फार सोपं असतं, म्हणूनच लावायचं नाही.

आता नोव्हेंबरचा तो दिवस. आम्ही चौघं, पहाटे पावणेचारला नागपुरातून निघालो. इतक्या लवकर मासा खात नाही, पण चारा पकडायचा असतो, आणि झिंगे अंधारातच काठाला येतात. सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. सात वाजले की झिंगे दगडाखाली आणि खोलात.

चारा तीन प्रकारचा लागतो: गांडूळ, झिंगे, बारकी मासोळी. गांडूळ आदल्या संध्याकाळी शेणाच्या उकिरड्याच्या कडेला, ओल टिकून आहे तिथं खणायचे. चौघांना पाव किलो पुरतात. ते त्याच जागच्या मातीत, वर ओलं गोणपाट घालून ठेवायचे. नळाच्या पाण्यानं धुवायचे नाहीत आणि प्लॅस्टिकच्या बंद डब्यात तर नाहीच. सकाळपर्यंत निम्मे लगदा होतात आणि तो वास गाडीतून आठवडाभर जात नाही.

झिंग्यांसाठी बाटलीचे सापळे. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्यायची, खांद्याखाली कापायची, वरचा तुकडा झाकण काढून उलटा आत बसवायचा आणि चार ठिकाणी भोकं पाडून तारेनं शिवायचा. बाटलीच्या अंगाला गरम सुईनं तीसेक भोकं पाडायची. यात लोक दोन चुका करतात. भोकं खिळ्यानं मोठी पाडली तर बारके झिंगे, जे वामीसाठी सगळ्यात चांगले, तिथूनच निसटतात. आणि भोकं कमी पाडली तर चाऱ्याचा वास बाहेर जात नाही, आतलं पाणी बदलत नाही आणि अडकलेले झिंगे गुदमरतात. आत सुपारीएवढा गोळा टाकायचा: कणीक दोन भाग, तांदळाचा कोंडा एक भाग, कुटलेली सुकट अर्धा भाग, पाणी जेमतेम. गोळा घट्ट हवा. सैल झाला तर पाच मिनिटांत विरघळतो आणि झिंगे बाहेरच जेवून जातात.

बाटलीत मुठीएवढा दगड टाकायचा, पाण्यात आडवी धरून सगळी हवा जाऊ द्यायची आणि मगच सोडायची. त्या दिवशी आठपैकी दोन बाटल्या घाईत तशाच फेकल्या गेल्या. एक टोक वर करून तरंगत राहिल्या, त्यात काहीच आलं नाही. जागा गुडघाभर ते मांडीभर पाण्याची, दगड आणि गवत जिथं भेटतात तिथली. बाटलीचं तोंड खोल पाण्याकडे करायचं, कारण झिंगे खालून वर चढत येतात. दोरीचं दुसरं टोक काठावरच्या खुंटीला. वीस-पंचवीस मिनिटांनी ओढून पाहायचं, झिंगे काढायचे, गोळा बदलायचा, परत टाकायचं. तासाभर तशीच ठेवली तर आतले मरतात. आणि बाटल्या मोजून टाकायच्या, मोजून काढायच्या. विसरलेली बाटली पाण्यात महिनोनमहिने मासे मारत राहते.

सापळे भिजत असताना दोघांनी टॉर्च आणि हातजाळं घेऊन काठ धरला. जाळं म्हणजे सहा एमएमच्या सळईची दीड फुटाची चौकट आणि तिला शिवलेली जुनी मच्छरदाणी. टॉर्च तिरपी धरली की झिंग्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. झिंगा धोका वाटला की शेपटी मारून मागे उडतो, म्हणून जाळं त्याच्या मागे ठेवायचं आणि पुढून काडीनं नुसतं टोचल्यासारखं करायचं. तो आपणहून जाळ्यात येतो. समोरून जाळं मारणारा माणूस फक्त गाळ उडवतो, आणि मग दहा मिनिटं कोणालाच काही दिसत नाही. पावणेसातपर्यंत सापळे आणि जाळं मिळून सत्तरएक झिंगे झाले. चार गळांना दिवसभर पुरून उरतात.

मासोळीसाठी फेकजाळं, दहा एमएम आसाचं (आस म्हणजे जाळ्याचं भोक), आठ फुटी. दोर मनगटात, शिश्याची कड थोडी दातात, एक तृतीयांश जाळं खांद्यावर, बाकीचं दोन हातांत, आणि कंबरेतून फिरून सोडायचं. हे वाचून येत नाही; घरच्या गच्चीवर पन्नासदा टाकून पाहावं लागतं. जिथं बुडालेल्या बाभळी आहेत तिथं टाकायचं नाही. जाळं अडकलं तर ओढायचं नाही, ज्या बाजूनं गेलं त्याच्या उलट बाजूला जाऊन हलकेच सोडवायचं. आम्हाला दोन फेकीत बोटभर लांबीच्या तीसेक मासोळ्या मिळाल्या. त्यांत अर्ध्या चिलापी. चिलापी टणक, गळाला तासभर जिवंत राहते, पण ती मूळची इथली नाही आणि जिथं जाईल तिथं पसरते. म्हणून चाऱ्याचा नियम एकच: ज्या पाण्यातली मासोळी त्याच पाण्यात. उरलेली बादली दुसऱ्या तलावात ओतायची नाही, आणि बाजारातला मांगूर आणून चारा म्हणून वापरायचा तर नाहीच.

चारा पकडणं जितकं महत्त्वाचं तितकंच तो जिवंत ठेवणं, आणि बहुतेकांचा दिवस इथंच फसतो. वीस डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस डिग्रीला साडेसात. म्हणजे ऊन चढतं तशी बादली लहान होत जाते. पंधरा लिटरच्या बादलीत दहा लिटर पाणी आणि पंधरा-वीस मासोळ्या, त्याहून जास्त नाही. मत्स्यटाकीला लावतात तो सेलवरचा पंप, सेलचा एक जास्तीचा जोड. पाणी धरणाचंच, घरून आणलेल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. दर तासाला एक तृतीयांश पाणी बदलायचं. मेलेली मासोळी लगेच काढायची, कारण एक सडली की बाकीच्या तिच्यामागे जातात. थंडाव्यासाठी बर्फ थेट टाकायचा नाही. गोठवलेली बंद बाटली बादलीत सोडायची, आणि एक वितळल्यावरच दुसरी. झिंग्यांचं उलट. त्यांना बादलीत कोंबू नये, एकमेकांचे पाय तोडतात. ओल्या गोणपाटाच्या घडीत, मध्ये ओलं गवत घालून, सावलीत ठेवले तर दुपारपर्यंत टुणटुणीत राहतात.

सव्वासातला डोंगा सोडला. डोंग्यात आम्ही दोघं आणि काका, तिघांनाही लाइफ जॅकेट. काका जॅकेटला हसतात, पण घालतात. उरलेले दोघं काठावरून मरळीच्या मागे. चौघं एका डोंग्यात बसलो तर खडकावर पोचेपर्यंत पायांच्या आवाजानं अर्धं काम बिघडतं. पत्र्याच्या डोंग्यात गोणपाट अंथरायचं, वजनं आणि डबे त्यावर.

दोन्ही रेषा जुळल्यावर लगेच गळ टाकायचा नसतो, आधी तळ चाचपायचा. पन्नास ग्रॅमचं वजन, दर मीटरला गाठ मारलेली दोरी. वजन खडकावर पडलं तर हाताला ‘टक्’ लागतं आणि ते पुढे सरकत नाही. मुरूम असेल तर खरखर. काळ्या मातीत ते रुततं आणि उचलताना चिखल सोडवत नाही असं वाटतं. सात-आठ ठिकाणी टाकून कडा कुठं संपते ते पाहिलं: साडेतीन, साडेतीन, चार, आणि एकदम सहा. तिथं थर्माकोलचा तुकडा दोरी-दगडानं बांधून सोडला. मासा माथ्यावर नसतो, या सहाच्या कडेला पायथ्याशी असतो, आणि वाम तर कड्यातल्या भेगांत.

नांगर खडकावर टाकायचा नाही, हे लिहूनही लोक टाकतात. वारा ज्या बाजूनं येतो तिकडे खडकापासून पंधरा मीटर पुढे जायचं, मातीत नांगर टाकायचा आणि दोर सोडत मागे यायचं. दोर खोलीच्या तिप्पट, म्हणजे इथं वीसेक मीटर. आमचा नांगर म्हणजे गोणीत भरलेले दहा किलो दगड. गोणीला मुख्य दोर बुडाशी बांधलेला आणि तोंडाशी फक्त सुतळीच्या एका फेऱ्यानं अडकवलेला. अडकली तर जोरात ओढायचं: सुतळी तुटते, गोणी बुडाकडून उलटी होते आणि सुटून येते. लोखंडी नांगरालाही हीच युक्ती चालते.

सामान साधं आहे. सात फुटी मध्यम रॉड, ३००० किंवा ४००० आकाराचं रीळ, वीस पाउंडाची वेणीदार दोरी, पुढे दीड हात ०.५० एमएमचं तंगूस. वेणीदार दोरी दगडावर घासली की कापसासारखी तुटते; शेवटचं तंगूस त्यासाठीच. गळ झिंग्याला सहा नंबर, मासोळीला १/० गोल गळ. वजन तळाशी, आणि गळ त्याच्या फूटभर वर आडव्या फांदीवर, म्हणजे चारा दगडाच्या वर राहतो. वजन बांधायचं ते मात्र मुद्दाम कच्च्या, ०.२५च्या तंगूसनं. दगडात नेहमी वजनच अडकतं. कच्चं तंगूस तुटलं की फक्त वजन जातं, गळ आणि मासा परत येतात. वजन म्हणून आम्ही शिसं सोडून दिलंय. गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग वापरतो. एखादा पन्नासेक ग्रॅम भरतो, फुकट मिळतो, आणि लांबट असल्यामुळे भेगेतून सुटतोही बरा.

झिंगा लावताना डोक्यातला काळा ठिपका टाळायचा, तिथं टोचलं की तो मेला. शेपटीच्या शेवटून दुसऱ्या कडीतून खालून वर गळ काढायचा. मग तो मागे उडायचा प्रयत्न करत राहतो आणि त्यानंच मासा येतो. मासोळी पाठीच्या पंखाच्या जरा पुढे, कातडीखालून तीन-चार मिलिमीटर. कण्याला लागली तर एका अंगावर पडते. गांडूळ एकेकटं लावू नये, तीन-चार एकत्र, टोकं लोंबती.

पहिली ओढ पावणेआठला. शिंगाळा दोनदा ठोकून थांबतो आणि तिसऱ्यांदा चालायला लागतो. गोल गळ असेल तर झटका द्यायचा नसतो. आमच्यातल्या एकानं सवयीनं दिला, चारा तोंडातून बाहेर आला, काका काही बोलले नाहीत. दोरी ताणेपर्यंत थांबून नुसतं रीळ फिरवायला लागायचं. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. पुढचा तसाच आला, पावणेदोन किलोचा. पहिले दोन मीटर महत्त्वाचे, तेवढ्यात तो कड्यापासून वर आला पाहिजे. नंतर कितीही खेळवा.

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि छातीच्या पंखांना दोन काटे असतात, दातेरी. त्याला मुठीत धरायचं नाही. जाळ्यात घेऊन ओल्या फडक्यानं डोक्यामागून दाबायचं आणि पकडीनं गळ काढायचा. काटा लागलाच तर रक्त वाहू द्यायचं, जखम धुवायची आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरायचा. विषारी चिकटा उष्णतेनं मंद पडतो. थर्मासमध्ये चहा न भरता नुसतं गरम पाणी न्यायची सवय यातूनच लागली. चहाची पूड वेगळी.

वाम वेगळी जात. ओढ लागते ती रबर ताणल्यासारखी, आणि दोन सेकंदांत ती भेगेत शिरून अंग फुगवून बसते. ओढाओढ केली तर तंगूस तुटतं. दोरी पूर्ण सैल सोडायची, तीन मिनिटं हात लावायचा नाही. दाब गेला की ती पुढे सरकते. मग डोंगा दोरीनं जरा बाजूला घेऊन दुसऱ्या कोनातून एकाच ओढीत वर. पाच वामी लागल्या, तीन हाती आल्या. दोन अजून तिथंच आहेत.

साडेदहानंतर ईशान्येचा वारा वाढला, डोंगा नांगरावर झुलायला लागला, आणि चारा कड्यावरून माथ्यावर, माथ्यावरून मातीत. असं झालं की बसून उपयोग नसतो. “दोर आटपा भाऊ, वारा सुटून राह्यला,” काका म्हणाले, तेव्हा सात स्पार्क प्लग खाली गेलेले होते. आणखी तासभर बसलो असतो तर डबा रिकामा झाला असता, मासे तेवढेच.

काठावरच्या दोघांना एक मरळ मिळाली, रबरी बेडकावर, शिंगाड्याच्या वेलीच्या कडेनं. मरळ वर येऊन हवा घेते, तो ‘पुच्’ आवाज ऐकायचा आणि बुडबुड्याच्या दोन मीटर पलीकडे बेडूक टाकून ओढत आणायचा. नेमका डोक्यावर टाकला तर पळते. त्यांना एक कासवही लागलं. कासव वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. गळ खोल गेला असेल तर खेचत बसायचं नाही, तोंडाजवळ तंगूस कापून सोडून द्यायचं. या वेळी गळ ओठातच होता, पकडीनं निघाला.

मासा पकडल्याबरोबर गालफड कापून रक्त काढायचं आणि बर्फात घालायचं. रक्ताचा वास बराच त्यानं जातो. शीतपेटीत मासा एक भाग, बर्फ एक भाग. तासभर उन्हात ठेवलेला मासा नंतर कितीही सावजी मसाल्यात बुडवा, कळतोच. उरलेले वीस-बावीस झिंगे मात्र परत सोडले नाहीत, तिथंच तव्यावर मीठ-तिखट लावून भाकरीबरोबर खाल्ले. मासोळ्या पाण्यात सोडल्या.

घरी येऊन जाळी आणि दोर गोड्या पाण्यानं धुऊन उन्हात पूर्ण वाळवले. ओल्या जाळ्यातून जलपर्णीचा एक तुकडा दुसऱ्या तलावात गेला तरी पुरतो. मग वही. तारीख, पाण्याची पातळी, माथ्यावर साडेतीन, पायथ्याशी सहा, वारा ईशान्य, ओढी पावणेआठ ते दहा, झिंग्यावर सहा, मासोळीवर दोन, गांडुळावर फक्त बारका टेंगरा. शेवटी: सात प्लग, उत्तरेच्या भेगेत. मे महिन्यात तिथं चालत जाऊन ते वेचायचे आहेत. गेल्या वर्षीच्या अकरांपैकी नऊ सापडले होते.